जाड पुस्तक, एक कागद आणि मागच्या खोलीतलं टेबल

रोल-प्लेइंग खेळ सुरू करायचाय, कुठलं पुस्तक घेऊ, असं कुणी विचारलं की मी सांगते, अजून काहीच घेऊ नका. आधी टेबलाभोवती कोण बसणार ते एका कागदावर लिहा. वय काय, वाचायची सवय आहे का, इंग्रजी किती सरावाचं, रविवारी किती वाजता घरी परतायलाच हवं. माझ्या कागदावर असं होतं: बारावीतला भाचा, फार्मसीत बसणारी मैत्रीण, साखळीहून बसने येणारी दोन भावंडं आणि गोव्याच्या कदंब बसचे निवृत्त कंडक्टर, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. हा कागद मी पुस्तकं विकत घेऊन झाल्यावर लिहिला, तिथेच चुकलं.

मी हिशेब लिहिणारी बाई. म्हापशाला बाजारापासून दोन गल्ल्या आत एक स्टेशनरीचं दुकान आहे. पुढे वह्या, कंपासपेट्या, चवथीच्या दिवसांत मखराचं सामान. मागच्या खोलीत बोर्ड गेम, विमानांचे किट, रंगांच्या इवल्या बाटल्या, फासे आणि एक लांब टेबल. या दुकानाचे जीएसटी रिटर्न मी भरते, आणि रविवारी त्याच टेबलावर खेळही मीच चालवते. म्हणून पुढचं सगळं दोन्ही बाजूंनी बघून लिहितेय.

पेडण्याकडच्या माणसाला हा खेळ समजावायला मला दोन मिनिटं लागतात. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. रात्री कुठलं आख्यान लावायचं, कोण राजा, कोण राक्षस, प्रवेश कुठल्या क्रमाने, एवढं ठरतं. बाकी संवाद नट तिथल्या तिथे रचतो, मागे पेटी, पखवाज आणि झांज. आमचा खेळ त्यातलाच. फक्त तोंडाला रंग नाही, आणि शेवटी राजा जिंकणार की राक्षस हे आधी ठरलेलं नसतं. जिथे ‘हे जमेल का’ असा प्रश्न येतो तिथे फासा टाकायचा. एक जण सूत्रधार, त्याला कुणी डीएम (डन्जन मास्टर) म्हणतं, कुणी जीएम (गेम मास्टर). नियम म्हणजे फासा कधी टाकायचा आणि पडलेल्या आकड्याचा अर्थ काय, याचा सगळ्यांनी मिळून केलेला करार. हा करार एका कागदावर मावतो, किंवा चारशे पानांतही मावत नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढलं, तेव्हा पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एकट्या खेळाडूंचं पुस्तक ३२० पानांचं झालं, २०२४ ची सुधारित प्रत ३८४ पानांची. सूत्रधाराचं पुस्तक वेगळं, राक्षसांचं वेगळं. पण पानं मोजून खेळ किती अवघड ते कळत नाही. शत्रूला कवेत धरायची साधी गोष्ट घ्या. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आधी त्याला तुमच्यावर एक फुकटचा वार, त्यातून वाचलात तर स्पर्शाचा हल्ला, मग दोघांची कुस्तीची फेक, मग पटावरच्या त्याच्या चौकोनात सरकणं. कुस्ती संपेपर्यंत शेजारचा खेळाडू चहा पिऊन यायचा. २०१४ मध्ये तेच काम एका झटापटीत: दोघांनी फासे टाकायचे, धरणाऱ्याचा आकडा मोठा पडला की धरलं. म्हणून दुकानात पुस्तक हातात आलं की जाडी बघू नका. मधलं एखादं पान उघडा आणि ‘मी त्याला धरतो’ या एका वाक्यासाठी किती वेळा थांबावं लागतं ते मोजा.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पहिल्या रविवारी मी तिन्ही पुस्तकं टेबलावर मांडली आणि प्रत्येकाला पात्र बनवायला बसवलं. मैत्रिणीने जादूगार घेतला. जादूगाराच्या पोथीत सुरुवातीला सहा मंत्र लिहायचे असतात, आणि मंत्रांचा भाग तब्बल ऐंशी पानांचा. सहा मंत्र निवडायला तिने दीड तास घेतला आणि म्हणाली, “औषधाच्या पाकिटातला कागद याच्यापेक्षा सुटसुटीत असतो गं.” दुसऱ्या रविवारी भाच्याने सगळ्यांची शस्त्रं बदलली. तिसऱ्या रविवारी काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, “गाडी केन्ना सुटतली गो, बाय?” चौथ्या रविवारी भावंडं आली नाहीत.

मग मी एका पानाचा खेळ काढला. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज, अवकाशयानावरच्या गोष्टीचा, २०१३ चा, फुकट. प्रत्येकाने २ ते ५ मधला एक आकडा निवडायचा. मोठा आकडा म्हणजे यंत्रं, हिशेब, डोकं. छोटा म्हणजे माणसं, मन, गोड बोलणं. डोक्याचं काम असेल तर सहा बाजूंचा साधा फासा तुमच्या आकड्याच्या खाली पडायला हवा, मनाचं काम असेल तर वर. बरोब्बर तोच आकडा पडला तर सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा, आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. तयारी करून आलात तर आणखी एक फासा, त्या कामात मुरलेले असाल तर अजून एक. संपले नियम.

काकांनी २ घेतला. म्हणजे माणसांशी बोलायचं काम सहापैकी चार वेळा जमणार. तीस वर्षं गाडीत सुट्या पैशांवरून भांडणं मिटवलेला माणूस तो. अवकाशयानात शिरलेल्या परग्रहवासीयाला त्यांनी आधी तिकीट विचारलं, मग खिडकीजवळची जागा दिली, आणि आम्ही जिथे लढाईची तयारी करत होतो तिथे अर्ध्या तासात तह झाला. भावंडं पुढच्या रविवारी परत आली.

इथवर ऐकलं की लोक म्हणतात, मग सोपंच बरं. थांबा. सोप्या नियमांत कष्ट कमी होत नाहीत, ते पुस्तकातून उठून सूत्रधाराच्या डोक्यात येऊन बसतात. धाकट्या भावंडाने किल्ल्यावरून उडी मारली. किती लागलं? जाड पुस्तकात उत्तर आहे: दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा, जास्तीत जास्त वीस फासे. एका पानाच्या खेळात काही नाही. मी म्हटलं, पाय मुरगळला. तीन आठवड्यांनी भाचा तेवढ्याच उंचीवरून पडला आणि मी, त्या दिवशी जरा कंटाळलेली, म्हटलं, दोन दिवस बेशुद्ध. त्याने लगेच मागचं काढलं. बारावीतल्या मुलाची स्मरणशक्ती रसायनशास्त्र सोडून बाकी सगळीकडे तल्लख असते.

तेव्हापासून मी निवाड्यांची वही ठेवते, तुम्हीही ठेवा. पुस्तकात नसलेला प्रश्न आला की जो निर्णय दिला तो एका ओळीत, तारखेसकट. खेळ थांबवून वाद घालायचा नाही. आता हे धरून चालू, खेळ संपल्यावर बोलू. दोन महिन्यांनी माझ्या वहीची अकरा पानं भरली. पडण्याचे नियम, विषाचे, होडी उलटण्याचे, उधारीचे. म्हणजे आम्ही गुपचूप आमचं स्वतःचं जाड पुस्तक लिहायला लागलो होतो. ही खूण ओळखा. वही भरभर भरतेय म्हणजे टेबलाला आणखी नियम हवेत, आणि कुठल्या जागी हवेत तेही वहीच सांगते. आमच्या वहीत लढाईचं काहीच नव्हतं, प्रवासाचं खूप होतं. वही कोरीच राहिली असेल तर एका पानावर सुखाने खेळत राहा, कुणाच्या बापाचं काय जातं.

दुसरी खूण खेळाडूंकडून येते. भाचा विचारायला लागला, ‘माझं पात्र सुधारत का नाही?’ त्याला पायऱ्या चढायच्या होत्या, नवी शक्ती, नवी तलवार. जड खेळाची खरी गंमत ती: मंगळवारी रात्री अभ्यास सोडून तुम्ही पुढच्या पायरीची आखणी करता. ज्यांना टेबलाबाहेरही खेळाशी चाळा हवा त्यांच्यासाठी जड नियम, ज्यांना टेबलावर येऊन फक्त बोलायचंय त्यांच्यासाठी हलके. एकाच टेबलावर दोन्ही प्रकारची माणसं असतात, ही खरी अडचण. आमच्यापुरता तोडगा असा निघाला की मधल्या वजनाचा खेळ घ्यायचा आणि आकडेमोड आवडणाऱ्याने दुसऱ्याचाही कागद सांभाळायचा. भाचा आजही काकांची शीट, म्हणजे पात्राचा कागद, भरतो. काका त्याला शेंगदाणे देतात.

मधल्या वजनासाठी माझी शिफारस कॉल ऑफ क्थुल्हू. १९८१ पासून चालत आलेला आहे, भयकथांचा आहे, आणि मुख्य म्हणजे टक्क्यांवर चालतो. कुलूप उघडण्याचं कौशल्य ४५ असेल तर शंभराच्या फाशावर ४५ किंवा कमी पडायला हवं. हे कुणाला समजवावं लागत नाही. सुरुवातीची पुस्तिका प्रकाशक फुकट देतात, ती वाचून ठरवा.

फाशांबद्दल थोडं, कारण नियमांचा स्वभाव तिथे कळतो. (गोव्यात फासे म्हटलं की मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीच आठवतात. काकांच्या घरी महिनाभर तोच संशय होता. शेवटी काकी एका रविवारी स्वतः येऊन बघून गेल्या.) वीस बाजूंच्या एका फाशावर १ पडण्याची शक्यता ५ टक्के, २० पडण्याचीही ५ टक्के, ११ चीही तेवढीच. म्हणून तिथे नवशिका एकदम हिरो होतो आणि कसलेला योद्धा स्वतःच्याच पायावर तलवार पाडतो. दोन साधे फासे मिळून टाकले तर ३६ शक्यतांपैकी ७ सहा वेळा येतो, १२ एकदाच. मधला भाग भरगच्च, टोकं विरळ. २०१० च्या अपॉकॅलिप्स वर्ल्डपासून निघालेले खेळ यावरच उभे आहेत: १० किंवा वर म्हणजे काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे फत्ते पण काहीतरी मोजावं लागेल, ६ किंवा खाली म्हणजे सूत्रधाराची पाळी. ही ‘मोजावं लागेल’वाली मधली पायरी गोष्ट पुढे ढकलते. ज्या टेबलावर हार सोसत नाही, रुसवेफुगवे होतात, तिथे दोन फाशांचा खेळ न्या.

भाषेचं एक काम करून ठेवा. जानेवारी २०२३ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, ज्यांना एसआरडी (सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट) ५.१ म्हणतात, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय दिलं की भाषांतर करायला, छापायला मोकळीक. मी त्यातून मराठीत तीन पानं काढली: आपल्या पाळीत काय करता येतं, लागलं तर काय, विश्रांतीने काय भरून येतं. ‘सेव्हिंग थ्रो’ला, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला, मी मोठ्या हौसेने ‘बचावफेक’ लिहिलं. कुणी म्हणत नाही. सगळे ‘सेव्ह’च म्हणतात. पण काकांनी ती तीन पानं लॅमिनेट करून घेतली, तेवढं पुरे.

आता दुकान.

मार्चअखेरीचे हिशेब करताना मागच्या खोलीचा वेगळा कागद काढला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. सात महिने सहा माणसं दर रविवारी चार तास पंख्याखाली बसली, आणि आमच्या टेबलाकडून दुकानाला मिळालं काय? पेन्सिली आणि एक खोडरबर. आमचा अख्खा खेळ दोन रुपयांच्या झेरॉक्सवर चालला होता, आणि तीसुद्धा मी ऑफिसात काढली होती. सोप्या खेळाची ही दुसरी बाजू. जाड पुस्तक टेबलाला त्रास देतं पण दुकानाचं भाडं भरतं. एका कागदाचा खेळ टेबलाला सुख देतो आणि गल्ल्यात काही टाकत नाही. भाडं आणि विजेचं बिल मात्र गिऱ्हाईक आलं तरी येतं, न आलं तरी येतं.

पुस्तकाच्या किमतीबद्दल एक उदाहरण मांडते. समजा छापील किंमत ४,००० आणि तेच फोनवर ३,२०० ला दिसतंय. फरक ८००. तुम्ही वर्षातले चाळीस रविवार ते टेबल वापरत असाल तर रविवारी वीस रुपये पडले. पाच-सहा जणांत वाटले तर चहाच्या निम्म्यालाही पुरणार नाहीत. त्या वीस रुपयांत खोली, पंखा, फासा हरवला तर उसना फासा, आणि ‘हे घेऊ नका, तुमच्या टेबलाला झेपणार नाही’ असं सांगणारा माणूस. हा हिशेब केल्यावरही एकदा मोह होऊन मी बाहेरून स्वस्तात पुस्तक मागवलंच. आलं ते नकली छापाचं, तक्त्यांतले आकडे पुसट, पहिल्याच पावसाळ्यात शिवण सुटली. परत करायला गेले तर विक्रेता गायब.

पावसाळ्याचं आलंच आहे तर. जूनपासून आपल्याकडे चपलेलाही बुरशी येते, तिथे चार हजारांच्या पुस्तकाचं काय. दुकानदार जाड पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो, तरी दरवर्षी एखादं फुगतंच. कपाटात आठ महिने पडलेलं पुस्तक म्हणजे अडकलेले पैसे. म्हणून मदत करायची असेल तर सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही: हवं ते पुस्तक अर्धे पैसे आगाऊ देऊन मागवा. दुकानदाराला ते विकलं जाईल का ही धाकधूक नाही, बुरशीची भीती नाही. दोन-तीन आठवडे थांबावं लागेल, थांबा.

पुस्तक घेतल्यावर बिट्स अँड मॉर्टारबद्दल विचारा. काही प्रकाशकांनी मिळून चालवलेली ही सोय आहे: त्यांचं छापील पुस्तक प्रत्यक्ष दुकानातून घेतलं की पीडीएफ फुकट. दुकान त्यात सामील असावं लागतं. आमचे दुकानदार नव्हते, कारण त्यांना ते माहीतच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून ईमेल लिहून दिला. अशी कामं नोटा देण्यापेक्षा जास्त टिकतात.

फासे प्रत्येकाने आपले घ्यावेत. चार, सहा, आठ, दहा, टक्क्यांचा दहा, बारा आणि वीस बाजूंचा असा सातांचा संच असतो. एका पानाच्या खेळाला साधा फासा पुरतो हे खरं, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी रंग निवडू द्या, तो परत येतो. टेबलाचं भाडं दुकानदार मागणार नाही. आपल्याकडे तोंडावर पैसे मागायची लोकांना लाज वाटते. आम्ही एक रिकामी बरणी ठेवली, येताना प्रत्येकी तीस रुपये. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “बाय, कशाला?” दुसऱ्या दिवशी बरणी त्यांनीच पुसून ठेवली होती.

दया म्हणून मात्र काही घेऊ नका. माझ्याकडे न रंगवलेल्या सांगाड्यांच्या बाहुल्यांची एक पिशवी आहे, दुकानाला मदत म्हणून घेतलेली. त्यामुळे त्या महिन्यात विक्री दिसली, दुकानदाराने खूश होऊन आणखी मागवल्या, आणि त्या अजून तिथेच आहेत. खोटी मागणी दुकानाला बुडवते.

आणि सोप्या खेळाचं कर्ज फेडायचं तर ते सोप्या खेळानेच फेडता येतं, हे मला उशिरा कळलं. महिन्यातून एकदा, शुक्रवारी, आम्ही मागचं टेबल पुढे वह्यांच्या रॅकशेजारी आणतो. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, गावोगावची माणसं येतात. आई भाजी घेते तोवर मुलगा अर्धा तास अवकाशयान चालवतो. पात्र बनवायला दोन मिनिटं, नियम सांगायला एक. हे ३८४ पानांच्या खेळाने कधीच जमणार नाही. त्यातली बरीचशी मुलं परत दिसत नाहीत, पण कुणीतरी पुढच्या शुक्रवारी आईचा हात सोडून सरळ फाशांच्या बरणीकडे येतं. शक्यतो सकाळी जमवा. एक वाजला की शटर खाली, चारशिवाय उघडत नाही, आणि त्या वेळेत दार वाजवण्याएवढा मोठा अपराध म्हापशात नाही.

जानेवारीत काकांनी स्वतःहून ते जाड पुस्तक मागवलं. आगाऊ पैसे देऊन, नोटा मोजून. घरी नेलं, त्याला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलं, आणि मंत्रांची पानं भाड्याच्या तक्त्यासारखी पाठ करायला लागले. आता त्यांचा स्वतःचा जादूगार आहे. परवा भाच्याच्या पात्रासकट सगळ्यांवर त्यांनी फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, टाकला. दीडशे फुटांवरून, सहा बाजूंचे आठ फासे, ओंजळीत मावेनात. भाच्याची सेव्ह जमली, म्हणजे नुकसान अर्धं.

काकांनी बेरीज केली, शीटवर टिचकी मारली आणि म्हणाले, “हाफ तिकीट.”